लाईट आली, नेट आलं, पण एकही नाव उघडेना: बाईंड पुन्हा टाकण्याआधी

"ओ सर, लाईट आली, राउटरचे दिवेबी लागलेत, पण काहीच उघडेना की."

मिरगाचा पाऊस सुरू झाला की हा फोन ठरलेला. कधी खानापूर तालुक्यातली पतसंस्था, कधी निपाणीतली तंबाखूची वखार, कधी बेळगावातल्या उद्यमबागेतली फाउंड्री. मांडणी सगळीकडं साधारण सारखीच असते: कोपऱ्यात जुना पीसी, त्यावर डेबियन किंवा उबुंटू लिनक्स, त्यात बाईंड-९, म्हणजे साइटच्या नावावरून तिचा आकडी पत्ता सांगणारा डीएनएस प्रोग्राम, आणि ऑफिसातली सगळी मशीन नावं विचारायला त्याच्याकडंच जाणारी. हा बिघाड इतक्यांदा काढलाय की आता अर्धं काम फोनवरच होतं. फोनवर सांगतो तशाच कमांड इथं उच्चाराप्रमाणं लिहितोय. टाइप करताना स्पेलिंग अर्थातच इंग्रजी.

लक्षणं अशी

मोबाइल डेटावर सगळं चालतं, ऑफिसच्या वाय-फायवर काहीच नाही. ८.८.८.८ सारख्या आकडी पत्त्याला पिंग जातो, पण साइटचं नाव टाकलं की जात नाही. ऑफिसातल्या ऑफिसात फाइल सर्व्हर, प्रिंटर नावानं सापडतात आणि बाहेरचं एकही नाव सापडत नाही. हे शेवटचं लक्षण नीट लक्षात ठेवा, पुढं त्याचंच काम आहे.

डिग, म्हणजे नाव विचारून बघायची कमांड, चालवली तर उत्तरात तीनपैकी एक गोष्ट दिसते. 'सर्वफेल' म्हणजे बाईंड जिवंत आहे, त्यानं प्रयत्न केला, पण उत्तर पटलं नाही किंवा मिळालं नाही. 'रिफ्यूज्ड' म्हणजे कुणीतरी दारातूनच परत पाठवलं. आणि 'टाइम्ड आउट' म्हणजे दारात कुणीच नाही: सेवा बंद आहे, नाहीतर फायरवॉल मध्ये उभी आहे. हे तीन शब्द वेगळे ओळखता आले की निम्म्या तपासण्या वाचतात. फोन करणारा मात्र तिन्हींना "नेट गेलंय" एवढंच म्हणतो.

पॅकेजला हात लावू नका, एवढ्यात तरी

लोक पहिली गोष्ट करतात ती पॅकेज काढून पुन्हा टाकण्याची. माझ्या अनुभवात दहातल्या नऊ वेळा बिघाड पॅकेजमध्ये नसतोच. नुसतं रीइन्स्टॉल केलं तर डीपीकेजी, म्हणजे पॅकेज बसवणारा प्रोग्राम, तुमच्या सेटिंगच्या फायलींना हात लावत नाही, म्हणजे चूक तिथं असेल तर ती जिथल्या तिथं राहते. आणि 'पर्ज' केलं, म्हणजे सेटिंगसकट पुसलं, तर ज्या फायलीत तुमच्या सगळ्या झोनच्या, म्हणजे तुम्ही सांभाळता त्या नावांच्या गटांच्या, नोंदी आहेत ती 'नेम्ड डॉट कॉन्फ डॉट लोकल'सुद्धा जाते. त्यावर कडी म्हणजे हा सर्व्हर नावं स्वतःलाच विचारत असतो. बाईंड काढल्यावर पॅकेज उतरवणाऱ्या ॲप्टला डाउनलोडचा पत्ता कोण सांगणार? शहापुरातल्या एका ऑफिसात मी पोचलो तेव्हा नेमकं हेच झालं होतं. कुणाच्या तरी भाच्यानं पर्ज केलं होतं, नवीन पॅकेज उतरत नव्हतं, आणि भाचा क्लासला निघून गेला होता.

तेव्हा आधी ऑफिस चालू करा. राउटरच्या डीएचसीपीमध्ये, म्हणजे मशीनना पत्ते वाटणाऱ्या सेटिंगमध्ये, तात्पुरता ९.९.९.९ किंवा १.१.१.१ डीएनएस म्हणून टाका आणि मशीनचं वाय-फाय बंद-चालू करा. ऑफिसातली अंतर्गत नावं चालणार नाहीत, पण मेल चालेल, आणि तुमच्या डोक्यावर कुणी उभं राहणार नाही. इथं 'सगळं चालू झालं' म्हणून थांबणारेही बरेच असतात. त्यांचा फोन दुसऱ्या दिवशी येतो, प्रिंटर सापडत नाही म्हणून.

पहिली तपासणी: तारीख

फुकट आहे, पाच सेकंदांची आहे, आणि आमच्या भागात गुन्हेगार बहुतेक वेळा इथंच सापडतो. सर्व्हरवर 'डेट' टाइप करा. किती वाजलेत ते नंतर, वर्ष कुठलं दाखवतंय ते आधी वाचा.

कारण असं. आजकालचा बाईंड बाहेरून आलेलं उत्तर सहीनिशी तपासून घेतो, त्यालाच डीएनएससेक म्हणतात. प्रत्येक सहीला 'या तारखेपासून या तारखेपर्यंत' अशी मुदत असते, आणि सगळ्या नावांच्या मुळाच्या, म्हणजे रूट झोनच्या सह्यांची मुदत जेमतेम दोन-तीन आठवड्यांची. सर्व्हरचं घड्याळ मागं गेलं की त्याच्या दृष्टीनं प्रत्येक सही भविष्यातली ठरते. मग तो मुळापासूनच कुणावर विश्वास ठेवत नाही आणि जगातल्या प्रत्येक नावाला सर्वफेल म्हणतो. ऑफिसातली नावं मात्र त्याच्या स्वतःच्या झोनमधली असतात, त्यांना सही तपासावी लागत नाही, म्हणून प्रिंटर सापडतो. वरचं लक्षण आठवलं का?

घड्याळ मागं का जातं? मदरबोर्डवर नाण्याएवढा सीआर-२०३२ सेल असतो, तो वीज नसताना घड्याळ चालू ठेवतो. जुन्या पीसीत तो कधीच संपलेला असतो, पण मशीन रात्रंदिवस चालू असल्यानं कळत नाही. मग एका संध्याकाळी वळीव येतो, लाईट चार तास जाते, यूपीएस मान टाकतो, आणि मशीन उठतं ते जुन्या तारखेला.

यात एक फसवी गोष्ट आहे. मला वाटायचं, सेल गेला की २००० किंवा १९७० साल दिसेल आणि लगेच कळेल. तसं होत नाही. घड्याळ फारच मागं दिसलं तर सिस्टिमडी, म्हणजे लिनक्सच्या सेवा सुरू करणारा प्रोग्राम, ते स्वतःच्या बांधणीच्या तारखेपर्यंत पुढं ढकलतो. त्यामुळं दिसते ती वर्ष-दीड वर्ष मागची, अगदी खरी वाटणारी तारीख. खानापूर तालुक्यातल्या त्या पतसंस्थेत भिंतीवर दिनदर्शिकेचं जूनचं पान होतं आणि स्क्रीनवर आदल्या वर्षीचा फेब्रुवारी. त्याच सर्व्हरवरून निघालेल्या सकाळच्या चार पावत्यांवरही फेब्रुवारीच छापला होता. कॅशियरनं त्या निमूट पेननं दुरुस्त करून शिक्काही मारला होता, पण ही गोष्ट मला सांगावी असं त्याला वाटलं नव्हतं. कॅबिनेट उघडलं, पालीचं अंडं बाजूला केलं, सेल काढून मल्टिमीटर लावला. तीन व्होल्टच्या सेलमध्ये दोनसुद्धा उरले नव्हते.

खात्री करायची तर लॉग बघा: 'जर्नलसीटीएल, हायफन यू नेम्ड, हायफन बी'. त्यात 'आरआरसिग व्हॅलिडिटी पिरियड हॅज नॉट बिगन' अशी ओळ दिसली की शंका उरत नाही. 'आजच्या ओळी दाखव' अशी गाळणी मात्र लावू नका. घड्याळ नीट केल्यावर त्या ओळी मागच्या वर्षाच्या नावावर पडलेल्या असतात.

उपाय करताना एक गाठ बसते. वेळ दुरुस्त करणारी सेवा वेळेच्या सर्व्हरला नावानं शोधते. नाव सांगणारा बाईंड वेळ चुकीची म्हणून गप्प. बाईंड बोलल्याशिवाय वेळ दुरुस्त होत नाही आणि वेळ दुरुस्त झाल्याशिवाय बाईंड बोलत नाही. ही गाठ हातानंच सोडवायची. 'डेट हायफन एस'नं मोबाइलमध्ये बघून वेळ टाका. किंवा 'आरएनडीसी व्हॅलिडेशन ऑफ' करून सही-तपासणी दोन मिनिटं थांबवा, वेळ आपोआप जुळू द्या, आणि लगेच 'ऑन' करा. तपासणी कायमची बंद ठेवून निघून जाणारे तंत्रज्ञ मी पाहिलेत. त्यांचं काम झटपट होतं हे खरं, पण खोटी उत्तरं अडवणारा कुणी मागं राहत नाही. वेळ लागली की 'एचडब्ल्यूक्लॉक, दोन हायफन, सिसटूएचसी'नं ती मदरबोर्डच्या घड्याळातही लिहा.

मग सेल बदला. खडेबाजारात कुठल्याही घड्याळवाल्याकडं मिळतो, चहा-नाश्त्याच्या खर्चात. शिवाय वेळेच्या सेवेला निदान एक स्रोत नावाऐवजी आकडी पत्त्यानं द्या. राउटर वेळ देत असेल तर त्याचाच द्या. रास्पबेरी पायवर डीएनएस चालवत असाल तर चौथ्या पिढीपर्यंतच्या बोर्डात घड्याळाचा सेल मुळातच नाही, तिथं ही सोय केल्याशिवाय गत्यंतर नाही.

डिस्क, सेवा, पोर्ट

'डीएफ हायफन एच'. डिस्क शंभर टक्के भरली असेल तर बाईंड लॉग लिहू शकत नाही, सह्या तपासायच्या किल्ल्या साठवू शकत नाही, आणि अपडेटही अर्धवट राहतं. कधीतरी तपासासाठी क्वेरी लॉग चालू केलेला असतो आणि बंद करायचा राहून जातो. जागा दिसत असूनही 'नो स्पेस' म्हणत असेल तर 'डीएफ हायफन आय' बघा, आयनोड, म्हणजे प्रत्येक फायलीला लागणारे नोंदीचे खण, संपलेले असतील.

पुढं 'सिस्टिमसीटीएल स्टेटस नेम्ड'. जुन्या सवयीनं 'बाईंड-९' म्हटलं तरी बहुधा चालतं, पण सेवेचं खरं नाव डेबियन ११ आणि उबुंटू २०.०४ पासून 'नेम्ड' आहे. लॉगमध्ये 'नेटवर्क अनरीचेबल'च्या लांबलचक ओळी दिसल्या आणि पत्ते आयपीव्ही-६ चे, म्हणजे नव्या लांब पद्धतीचे, असले तर घाबरू नका. तुमच्या लाइनवर आयपीव्ही-६ नाही एवढाच त्याचा अर्थ. त्या ओळींनी कितीतरी जणांचा अख्खा दिवस खाल्लाय.

डीएनएसच्या पोर्ट ५३ वर कोण बसलंय ते 'एसएस, हायफन एल एन टी यू पी'नं दिसतं. उबुंटूवर यादीत १२७.०.०.५३ वर सिस्टिमचा स्वतःचा नावं शोधणारा सिस्टिमडी-रिझॉल्व्हड दिसेल. बाईंडशी त्याचं सहसा भांडण होत नाही, कारण बाईंड प्रत्येक पत्त्यावर वेगळा बसतो. बाईंडऐवजी डीएनएसमास्क हा छोटा डीएनएस प्रोग्राम वापरत असाल तर गोष्ट वेगळी: तो एकदम सगळ्या पत्त्यांवर हक्क सांगतो आणि 'ॲड्रेस ऑलरेडी इन यूज' म्हणून पडतो. तेव्हा रिझॉल्व्हडच्या सेटिंगमध्ये 'डीएनएसस्टबलिसनर'ला 'नो' करा. पण त्याबरोबर 'रिझॉल्व्ह डॉट कॉन्फ'ची लिंकही बदला, नाहीतर सर्व्हर रिकाम्या खुर्चीलाच नावं विचारत बसतो. कुणी हौसेनं व्हर्च्युअल मशीन टाकून बघितलं असेल, तर त्याच्याबरोबर आलेला डीएनएसमास्कही कुठल्यातरी पत्त्याच्या ५३ वर बसलेला सापडतो.

सेटिंगच्या फायली

इथून पुढं हात लावण्याआधी 'ईटीसी'मधल्या 'बाईंड' फोल्डरची कॉपी करून ठेवा. मग 'नेम्ड-चेककॉन्फ'. काहीच छापलं नाही तर सगळं ठीक. उबुंटू २०.०४ वरून २२.०४ वर गेल्यावर बाईंड उठत नसेल तर 'डीएनएससेक-एनेबल' ही ओळ शोधा. जुन्या आवृत्तीत ती फक्त कुरकुरायची, ९.१८ मध्ये ती अस्तित्वातच नाही, आणि तेवढ्यावरून सेवा उठायला नकार देते. ओळ पुसा, काम झालं.

झोनच्या फायलींना 'नेम्ड-चेकझोन' लावा. माझ्या वहीत चार चुका पुनःपुन्हा येतात. नावाच्या शेवटचा टिंब राहिला की बाईंड त्याला झोनचं नाव पुन्हा चिकटवतो. बदल केला पण एसओएचा, म्हणजे झोनच्या पहिल्या नोंदीतला, सिरियल नंबर वाढवला नाही, म्हणजे दुय्यम सर्व्हरला बदल कळतच नाही. मशीनच्या नावात अंडरस्कोअर घातला की 'बॅड ओनर नेम' म्हणून अख्खा झोन लोड होत नाही.

आणि चौथी खास आमच्या सीमाभागातली. इथं गिऱ्हाइकाला दुकानाच्या पाटीसारखंच साइटचं नावही दोन्ही लिप्यांत हवं असतं. देवनागरीतला डॉट भारत २०१४ पासून मिळतो, कानडी लिपीतलाही आहे. मग कुणीतरी उत्साहानं झोन फायलीत सरळ देवनागरी टाइप करतं. डीएनएसच्या पोटात ते नाव 'एक्सएन'नं सुरू होणाऱ्या रोमन रूपातच जातं, ब्राउझरही तेच विचारतो. 'आयडीएन-२' हे साधन ते रूप करून देतं, तेच फायलीत टाका.

पुढच्या सर्व्हरकडं

तारीख ठीक, फायली ठीक, तरी सर्वफेल? एक डिग साधं चालवा आणि एक शेवटी 'अधिक सीडी' लावून. सीडी लावल्यावर उत्तर आलं तर भानगड सहीची आहे, लाइनची नाही. दोन्हींना आलं नाही तर फॉरवर्डर, म्हणजे बाईंड आपले प्रश्न पुढं पाठवतो ते सर्व्हर, बघा.

फॉरवर्डरची आमच्याकडची नेहमीची गंमत म्हणजे दोन लाइन. पावसात एक तुटते म्हणून ऑफिसं दोन कंपन्यांचं नेट घेतात, पण फॉरवर्डर मात्र पहिल्याच कंपनीचे लिहिलेले असतात. लाइन बदलली की ते सर्व्हर 'तू आमचा गिऱ्हाईक नव्हेस' म्हणून नकार देतात. फॉरवर्डर काढून टाका किंवा दोन्ही लाइनवरून चालणारे सार्वजनिक टाका.

अंतर्गत 'लॅन' असली बनावट नावं दुसऱ्या अंतर्गत सर्व्हरकडं पाठवत असाल तर सही-तपासणी तिथंही अडते. असं नाव अस्तित्वातच नाही अशी सहीनिशी ग्वाही मूळ झोन देतो ना! त्या नावांपुरतं 'व्हॅलिडेट-एक्सेप्ट' लिहा. आणि काहीच साइट उघडत असतील, काही नसतील, तर फायरवॉलमध्ये ५३ पोर्ट टीसीपीसाठीही उघडा आहे का बघा. मोठी उत्तरं नेहमीच्या यूडीपीत मावत नाहीत.

किल्लीचाही एक प्रकार आहे. रूट झोनची मुख्य किल्ली ११ ऑक्टोबर २०१८ ला पहिल्यांदा बदलली, आणि जानेवारी २०२५ पासून त्यापुढची किल्लीही झोनमध्ये दिसते. बाईंड नवीन किल्ली आपोआप स्वीकारतो, पण ती ३० दिवस सलग बघितल्यावर आणि स्वतःच्या कॅश फोल्डरमध्ये लिहिता आली तरच. कपाटातून काढलेला जुना सर्व्हर किंवा बऱ्याच वर्षांपूर्वीची बॅकअप इमेज चालू केली की इथं गाडी अडते. 'आरएनडीसी मॅनेज्ड-कीज स्टेटस'मध्ये २०३२६ आणि ३८६९६ हे आकडे दिसायला हवेत.

आता पॅकेज

इथवर काही सापडलं नाही, किंवा अपडेट चालू असतानाच लाईट गेली होती, तर पॅकेजवर संशय घ्यायला हरकत नाही. 'डीपीकेजी हायफन एल'च्या यादीत बाईंडच्या पुढं 'आय आय' हवं. 'आय एफ' किंवा 'आय यू' दिसलं तर बसवणं अर्ध्यावर राहिलंय. 'डीपीकेजी, दोन हायफन, कॉन्फिगर, हायफन ए' चालवा. बहुतेक वेळा एवढ्यावर भागतं. मग 'डीपीकेजी हायफन व्ही, बाईंड-९'. इथला व्ही मोठ्या लिपीतला. मूळ पॅकेजपेक्षा वेगळ्या झालेल्या फायलींची यादी येते. तुम्ही बदललेल्या सेटिंगच्या फायली त्यात असणारच, पण प्रोग्रामची फाइल दिसली तर ती खराब झाली आहे. बाईंडची बरीचशी लायब्ररी 'बाईंड-९-लिब्ज'मध्ये असते, तिलाही तेच लावा. खराब असेल त्याचं रीइन्स्टॉल करा, पर्ज नको. डाउनलोडसाठी 'रिझॉल्व्ह डॉट कॉन्फ'मध्ये तात्पुरता बाहेरचा डीएनएस घाला.

लाईट गेल्यानं झोनची जर्नल फाइलही, म्हणजे ताजे बदल टिपणारी वही, बिघडते. लॉगमध्ये 'जर्नल आउट ऑफ सिंक' दिसेल. सेवा थांबवून 'जेएनएल' फाइल पुसू नका, बाजूला हलवा. तिच्यातले न मुरलेले बदल जातील हे धरून चला. चालू झोन हातानं बदलायचा तर आधी 'आरएनडीसी फ्रीझ', नंतर 'थॉ'.

परवानग्या बरोबर दिसतात तरी 'परमिशन डिनाइड' येत असेल, तर झोनची फाइल भलत्या फोल्डरमध्ये ठेवलीय आणि ॲपआर्मर हा सिस्टिमचा पहारेकरी अडवतोय. ती 'व्हार, लिब, बाईंड'मध्ये हलवा. रॉकी किंवा अल्मा लिनक्सवर 'रिस्टोअरकॉन' चालवा.

इथं थांबा

'डीमेसेज'मध्ये 'आय-ओ एरर' दिसली की एकही कमांड पुढं नको. डिस्क मरतेय. आधी डेटा उतरवणाऱ्याला बोलवा, डीएनएस नंतर. लॉगमध्ये 'असर्शन फेल्युअर' येऊन बाईंड पुनःपुन्हा पडत असेल तर अपडेट करा, आणि तरी पडला तर सोडा. तुमचा झोन सही केलेला असेल आणि किल्ल्या हरवल्या असतील तर नवीन किल्ल्या बनवू नका. वरच्या झोनमधली नोंद जुळणार नाही आणि तुमचं नाव अख्ख्या जगाला दिसेनासं होईल. सर्व्हर बाहेरच्यांच्या प्रश्नांनाही उत्तरं देतोय आणि लाइन कारणाशिवाय भरलीय, असं दिसलं तर केबल काढा आणि जाणकाराला बोलवा. पतसंस्थेचा सर्व्हर बँकेच्या खासगी लाइनला जोडलेला असेल तर तारखेपलीकडं काहीच हलवू नका, ते काम करारातल्या माणसाचं. आणि लाईट आल्या-गेल्यावर सेल, एसएमपीएस, यूपीएस असं काही ना काही दर पावसाळ्यात जात असेल तर इलेक्ट्रिशियनला बोलवून अर्थिंग मोजून घ्या.

मला किंवा दुसऱ्या कुणाला फोन करण्याआधी तीन फोटो काढून ठेवा: 'डेट'चं उत्तर, 'सिस्टिमसीटीएल स्टेटस नेम्ड'ची स्क्रीन, आणि लॉगच्या शेवटच्या वीस ओळी. फोटो सरळ काढा. मागच्या आठवड्यात आलेल्या फोटोत स्क्रीनपेक्षा ट्यूबलाइटच जास्त दिसत होती.